फळ्यापाशी येऊन दाखव

शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

ताई,

नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालते. तिसरीच्या बाकावर दीड तास बसणं या वयात सोपं नाही, पण पुढच्याच बाकावर बसायचा हट्ट तुझा होता, तेव्हा त्याचा दोष माझ्याकडे नको. इकडे सगळं ठीक. मोरीतला गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. शाळेत परीक्षेची तयारी सुरू आहे आणि माझा घसा नेहमीसारखा बसला आहे.

तुझा फोन आला नाही, त्याला आज आठवडा झाला. तुझ्या लेकीने मला विचारलं, "मावशी, आईला काय झालंय? तुमच्या शाळेतून आल्यापासून धड बोलत नाहीये." मी म्हटलं, थकली असेल. खोटं बोलले. तू थकलेली नाहीस. तुला लागलंय, आणि ते लागावं म्हणूनच मी तुला बोलावलं होतं.

गेल्या शनिवारचं तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहिणार. लिहिताना ते मला पुन्हा एकदा बघायला मिळतं.

पालकांना वर्ग दाखवायचा दिवस. बाकांवर मुलं, त्यांच्यामागे दाटीवाटीने आयाबाप, एकटी तू पुढच्या बाकावर, खिडकीच्या कट्ट्यावर सगळ्यांच्या पिशव्या. मी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस मांडलं आणि खारूला बोलावलं. घरी तू नातीला काय म्हणायचं ते म्हण, वर्गात ती खारू आहे, पेन्सिलींची टोकं कुरतडते म्हणून. दोन वर्षं तू तिला घरी वजाबाकी शिकवलीस, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा गणिताचं पुस्तक उघडलं की तिला शू लागायची. त्या दिवशी ती सरळ चालत आली. पन्नासातून वीस काढून तीस लिहिले. मग एककांच्या घराखाली पाच लिहून त्याला गोल करायला लागली. गोल पुरा व्हायच्या आत तू म्हणालीस, "चूक."

आवाज अजून तसाच आहे गं तुझा, टेबलावर पट्टी आपटल्यासारखा.

"दोनातून सात जातात का? उलटं केलंस. पाच कुठून आणलेस?"

तुला वाटलं, सगळी पोरं करतात तेच तिने केलं, सातातून दोन काढले. तुला तसंच वाटणार हे मला आधीपासून ठाऊक होतं.

माझ्या वर्गात दारामागच्या पुठ्ठ्यावर मुलांनीच लिहिलेला एक नियम आहे. जो 'चूक' म्हणेल त्याने फळ्यापाशी येऊन कुठे चुकलं ते दाखवायचं. पहिल्या महिन्यात मुलं ऊठसूट 'चूक, चूक' करतात. मग पुढे येऊन दाखवायची पाळी आली की बऱ्याचदा चूक सापडतच नाही, किंवा सापडते आणि दोघं मिळून तिच्याकडे बघत उभी राहतात. गणिताला थरथरणारी पोरं माझ्याकडे सुधारली ती या एका नियमावर. दुसऱ्या वर्गांच्या बाई आपली रडकी मुलं माझ्याकडे पाठवतात. तुझ्या कानावर आलं नसेल, कारण तू लोकांना माझ्याबद्दल "ती काय, लहान वर्गांना शिकवते" एवढंच सांगतेस.

तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "आजी, पुढे या. कुठे चुकलं ते दाखवा."

तू हसून टाळायला बघितलंस. मुलं ऐकेनात. तू गुडघ्यांवर हात रोवून उठलीस, खडू घेतलास. तोवर खारूने तिसातून पाच काढून पंचवीस लिहिले होते. तू शेजारी तुझ्या रीतीने केलंस. पाचाचे चार, दोनाचे बारा, बारातून सात गेले पाच. पंचवीस. एकदा इकडे बघितलंस, एकदा तिकडे. तुझ्या बोटांत खडूचे दोन तुकडे झाले. मी चार पावलांवर उभी होते. "तिने पाच कमी पडतात असं लिहिलंय, ताई, ते शेवटी तिसातून काढलेत," एवढं बोलले असते तर तुझी सुटका होती. मी हातांची घडी घालून उभी राहिले. छत्तीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तू खारूकडे वळून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणालीस, "ही रीत तुझी नाही. कोणाचं बघून केलंस?"

खारूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझीच आहे. मी शोधली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू खडूचे तुकडे फळ्याखाली ठेवलेस, पर्स उचललीस आणि निघून गेलीस.

कोणाचं बघून केलंस. ताई, हे वाक्य तोंडातून निघताना तुला काही आठवलं का?

नसेल तर मी आठवण करून देते. मी नऊ वर्षांची, तू तेवीसची, तुझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, आणि धाकटी बहीण नेमकी तुझ्याच वर्गात. शाळेत बाई म्हणायचं, ताई नाही, असं आईने मला पढवून पाठवलं होतं. हेच बावन्न वजा सत्तावीस होतं, आणि हीच रीत. ती मला कोणी शिकवली नव्हती. आईच्या डब्यातल्या बटणांचे दहा-दहाचे गठ्ठे करून खेळताना मला सापडली होती, आणि कधी एकदा तुला दाखवते असं झालं होतं. तू वही बघून म्हणालीस, "उत्तर बरोबर आहे, रीत तुझी नाही. कोणाचं बघून केलंस?" मी म्हटलं, "माझीच आहे, ताई." वर्ग फिदीफिदी हसला. तुझे कान लाल झाले. मला फळ्यापाशी उभं करून त्र्याऐंशी वजा सेहेचाळीस घातलंस. माझ्या हातून एक आकडा उमटला नाही. मग तू माझ्या वहीवर लाल शाईने 'कॉपी' लिहिलंस, आणि ती वही उघडी धरायला लावून मला सगळ्या बाकांमधून फिरवलंस.

घरी बाबांनाही दाखवलीस. बाबा म्हणाले, "हिला गणित झेपायचं नाही. पुढे शिवण शिकू दे." तू तिथेच उभी होतीस.

दहा वर्षं मी शिवणाच्या दुकानात काजं केली. ताग्यात किती कापड उरलं हे मालकांना त्यांचा चष्मा सापडायच्या आत सांगायचे. मी ढ नव्हते हे मला तिथे कळलं, आणि तेव्हापासून तुझ्यावर डूख धरून आहे. तुझ्या लेकीला कडेवर खेळवलं, तिच्या लग्नात राबराब राबले, परीक्षा देऊन बाई झाले, आणि सगळा वेळ मनात एकच. ही एकदा फळ्यापाशी उभी राहायला हवी, आणि हिला काही सुचता कामा नये. खारू माझ्याच वर्गात यावी म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते. लोक म्हणाले, मावशीआजीला केवढी माया.

तर ते झालं. खरं म्हणजे पत्र इथे संपायला हवं. रविवारी एक पत्र लिहून संपवलंही होतं. याच्या निम्मं होतं आणि वाचायला मजा आली असती. ते पाठवलं नाही, कारण सोमवारी खारू शाळेत आली.

तिला फळ्यापाशी बोलावलं, तर म्हणाली, "मला येत नाही." मंगळवारीही तेच. बुधवारी मधल्या सुट्टीत तिची वही उघडली, तर शेवटचं पान फाडलेलं. त्या पानाबद्दल आता लिहावंच लागेल. इतका वेळ मी त्याला वळसा घालून जाते आहे.

ती रीत खारूची नव्हती. माझी होती. पालकांना बोलवायचं ठरलं त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत तिला मागे ठेवून मी ती तिच्याकडून घोटून घेतली, पंधरा दिवस. इतर मुलं खाली खेळत होती आणि ही माझ्यासमोर गोलात पाच लिहीत होती.

तिची स्वतःची रीत वेगळी होती. वहीच्या शेवटच्या पानावर ती उड्या काढायची. सत्तावीसवरून तिसावर तीनची उडी, तिसावरून पन्नासावर वीसची, पन्नासावरून बावन्नावर दोनची. तीन, वीस आणि दोन, पंचवीस. वजाबाकी, आणि वजा काही करायचंच नाही. तिला हे कोणी दाखवलेलं नव्हतं, मीही नाही. मी ते पान बघितलं आणि म्हटलं, "हे राहू दे. ही दुसरी कर. आणि कोणी विचारलं तर सांग, माझीच आहे." कारण उड्या बघून तू चूक म्हणाली नसतीस, ताई. मला तो गोलातला पाच हवा होता.

बुधवारी तिने मला विचारलं, "बाई, आजीला कळलं होतं ना?"

"काय?"

"ती माझी नाहीये ते."

तू माझ्यावर खोटा आळ घेतलास, तो धुऊन काढायला मी निघाले, आणि तोच आळ तुझ्या नातीवर खरा करून ठेवला. तेव्हा तू चुकली होतीस. गेल्या शनिवारी तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, तेव्हा ते नीट वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

गुरुवारी मी वर्गाला म्हटलं, "मी एक रीत चूक ठरवली आहे. नियम मलाही आहे." फळ्यावर खारूच्या उड्या काढल्या आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मग सांगितलं, की कुठे चुकलं ते सापडत नाही, रीत चांगली होती, मीच तिला दुसरी दिली आणि तिची म्हणायला लावली. खारू, मला माफ कर. खारू पेन्सिल कुरतडत बसलेली. जागेवरूनच म्हणाली, "बाई, तीनची उडी तुम्ही वीसच्या एवढी काढलीय."

"मग?"

"चूक आहे ती."

मुलांनी लगेच तिला नियम सांगितला. ती उठली, पुढे आली, तीनची उडी पुसली आणि लहान काढली. मग माझ्या हातात डस्टर देऊन जाऊन बसली.

तेवढ्याने ती सावरली असं मी म्हणत नाही. काल पुन्हा "मला येत नाही" म्हणाली. पण उभी राहून म्हणाली.

उद्या ती तुझ्याकडे येणार आहे, ती रीत आपली नव्हती हे स्वतः सांगायला. मी तिला म्हटलं, मी आजीला लिहिते, तू नको सांगूस. ऐकत नाही. म्हणून हे पत्र आजच तुझ्या लेकीच्या हाती देते आहे. "मला ठाऊकच होतं" हे तुझ्या ओठांवर येईल. बोलायला फार गोड लागेल. गिळून टाक. "तुझ्या उड्या दाखव," एवढंच तिला म्हण, आणि तिने काढल्या की बघ. अवाक्षर काढू नकोस, रेघ वाकडी आहे म्हणू नकोस, नुसतं बघ. एवढं तुला जमलं नाही, तर ती पुन्हा फळ्यापाशी येणार नाही, आणि त्यात निम्मा वाटा माझा असला तरी उरलेला तुझा असेल.

तुझी माफी मी मागत नाही. तू दोन्ही उत्तरांकडे बघत होतीस ते मला अजून आवडतं. आताही लिहिताना दोनदा हसले.

सोबत एक पान आहे. घडीवर फाटत आलंय, सांभाळून उघड. बावन्न वजा सत्तावीस, खाली तीस, गोलात पाच, त्याखाली पंचवीस, आणि या सगळ्यावरून आडवा तुझा लाल शब्द. नियम तुलाही आहे. मी कोणाचं बघून केलं ते दाखव. सापडलं तर त्याच पानावर लिही. नाही सापडलं, तर तो शब्द तुझ्या हाताने खोड, आणि हे काम उद्या खारूसमोर कर, ती गेल्यावर नको. लाल पेन पाकिटात घातलंय, घरात नव्हतं असं सांगायला जागा नको.

तुझी धाकटी,
जिने त्या दिवशी कोणाचंही बघितलं नव्हतं