लिफ्टमधली लाल माती

रविवार, संध्याकाळ. तांबरम.

आज पुन्हा लिफ्टमध्ये लाल माती. वरच्या मजल्यावरच्या काव्याच्या सायकलची. पुण्याहून इकडे दक्षिणेत राहायला आल्यापासून दर रविवारी मी सायकल काढते, टेकडीवर जाणारी एखादी कच्ची वाट शोधते आणि कुणाच्या तरी कंपाउंडला धडकून परत येते. आणि ही पोरगी गुडघ्यापर्यंत माखून येते!

सकाळी न राहवून विचारलंच, "कुठून जातेस गं?" तर हसली. "सॉरी अक्का, ग्रुपमध्ये ठरलंय, बाहेर सांगायचं नाही. गर्दी होते."

पुण्यात आम्हीही कुणाला सांगायचो नाही. तेव्हा ते अगदी योग्य वाटायचं. पण मी बाहेरची? मी? नुसता जळफळाट झाला. माझ्या टायरच्या खाचांत अजून पुण्याची माती आहे, वाळून खडखडीत झालेली.

मघाशी वॉचमन दारात आला, हातात झाडू, कपाळाला आठ्या. आधी लिफ्टकडे बोट, मग माझ्या सायकलकडे. माझं तमिळ दोन-चार शब्दांचं, पण "ही माती तुमचीच ना?" एवढं कळलं. काव्याचं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि ठणकावून म्हटलं, "आमा."

हो. माझीच.