निळ्या पडलेल्या दोन डिस्क

मी, खाली सही करणारा मोटार मेस्त्री, वय वर्षे बहात्तर, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. हात थरथरतो, धरलेला नट सुटतो, म्हणून मी सांगतो आहे आणि माझी एकुलती एक मुलगी लिहिते आहे. वारसाने स्वतःच लिहिणे बरे नव्हे, असे वकीलबाई म्हणाल्या. माझे म्हणणे असे की तिचे अक्षर चांगले आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते सर्वांत आधी तिने ऐकायला हवे.

१. गॅरेज आणि मागच्या दोन्ही खोल्या मुलीच्या. तिने त्या विकाव्यात. भाड्याने देऊ नयेत, भाडेकरू हलता हलत नाहीत. मोरीतला नळ गळतो हे घेणाऱ्याला आधी सांगावे. बँकेत जे आहे ते आजारपणातून उरले तर तेही तिचेच, पण उरेल अशी आशा धरू नये.

२. पाने, जॅक, लोखंडी टेबल आणि शिकंजा समोरच्या पत्र्याचे काम करणाऱ्या बाईंना. त्या हत्यार वापरून झाल्यावर पुसून ठेवतात. बेअरिंग ओढून काढायचा माझा पुलर मात्र वरच्या गल्लीतल्या मेस्त्रीकडून आधी परत आणावा. सहा वर्षांपूर्वी "आत्ता देतो" म्हणून नेला आहे. तो म्हणेल, दिला होता. दिलेला नाही.

३. शेजारच्या टायरवाल्याला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, असा नियम वकीलबाईंनी सांगितला. मी विचारले, "तुला सही पाहिजे की वस्तू?" तो म्हणाला, "तुमच्याकडच्या वस्तू मी रोज बघतो मेस्त्री. सही बरी."

४. गाडी. डिझेलवर चालणारी, कंपनीचे सर्वांत साधे मॉडेल. घेतली तेव्हाच दहा वर्षांची होती. काचा हाताने फिरवायच्या, सीटला डोके टेकायची सोय नाही, मीटरमध्ये वेगाचा काटा आणि डिझेलचा काटा, बस्स. पुढे याच गाडीचे सर्वांत वरचे मॉडेल मागून धडक खाऊन भंगारवाल्याकडे आले आणि मला खूळ लागले. दोन वर्षे प्रत्येक रविवारी मी त्या गाडीतले काढून हिच्यात बसवत गेलो. आधी सीटा, मग बटणाच्या काचा, मग मोठा मीटर. मग मोठा टर्बो, त्याचा इंटरकूलर, वरच्या मॉडेलचे इंजेक्टर. चढावर धापा टाकणारी गाडी दुसऱ्यांना मागे टाकू लागली. लोक बॉनेट उघडून बघायला यायचे, आणि मला ते आवडायचे. मुलीची आई म्हणायची, "गाडीला सगळं केलंत. आपल्या नळाचा वायसर तेवढा राहिला." मी म्हणायचो, करतो.

वरच्या मॉडेलचे पुढचे ब्रेकही मी काढून आणले होते. साध्या गाडीच्या डिस्क, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या चकत्या, पातळ असतात. वरच्या मॉडेलच्या जाड, मधून हवा खेळणाऱ्या, आणि त्यांना चिमटीत धरून थांबवणारे कॅलिपरही मोठे. ते लहान चाकात मावत नाहीत, म्हणून आधी मोठी चाके घातली. चाके सगळ्यांना दिसतात, ब्रेक कोणाला दिसत नाहीत. डिस्क आणि कॅलिपर एका खोक्यात घालून फळीवर ठेवले ते आठ महिने तिथेच राहिले. आधी थांबायची सोय करा, मग पळवा, असे मी कितीतरी गिऱ्हाइकांना सुनावले आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत.

५. हे कलम जसेच्या तसे ठेवावे. यातला शब्दही वकीलबाईंनी सुधारू नये.

बारा वर्षांपूर्वी मुलीच्या आईला तिच्या बहिणीकडे जायचे होते. माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचे इंजिन उघडलेले होते. माझा धाकटा भाऊ बसवर ड्रायव्हर होता. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने कोणाला खरचटू दिले नव्हते. मी म्हटले, हा घेऊन जाईल. घाट उतरताना गाडी कठड्यावर आदळली, शेजारच्या सीटच्या बाजूने. ती जागीच गेली. भावाचा हात मोडला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "दादा, पेडल खालीच गेलं. ब्रेक लागलाच नाही." मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हातची गाडी आहे. पळवली असशील तू." तेव्हा मला खरोखर तसेच वाटत होते. मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

संध्याकाळी गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. पुढची चाके काढली, तर दोन्ही डिस्क निळ्या पडलेल्या. डिस्क अतोनात तापली की तशी निळी पडते. त्या तापाने ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल पोकळ होते. इंजिनाचा जोर वरच्या मॉडेलचा, चाके वरच्या मॉडेलची, आणि थांबवायला साध्या गाडीचे पातळ ब्रेक. त्या उतारावर कोणीही चालवत असता तरी हेच झाले असते. मी असतो तरी.

तपासणी अधिकारी तिसऱ्या दिवशी येणार होते. दुसऱ्या दिवशी, घरात माणसे बसलेली असताना, मी शटर ओढून घेतले, फळीवरचे खोके खाली काढले आणि मोठे ब्रेक बसवले. आठ महिने ज्याला सवड मिळाली नव्हती ते काम चार तासांत झाले. कडांना तेल-धूळ चोळली, म्हणजे नवे बसवल्यासारखे दिसू नयेत. अधिकाऱ्यांनी पेडल दाबून बघितले. म्हणाले, "ब्रेक तर उत्तम आहेत मेस्त्री." आणि चालकाचा निष्काळजीपणा असे लिहून ते गेले.

भावाचे लायसन गेले, त्यामागून नोकरी गेली. तेव्हापासून तो एका गोदामाच्या फाटकावर वॉचमन आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथला चोर तर लोकांच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होता. रडणे खरे होते, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

इथे मुलीचा पेन थांबला. मी म्हणालो, लिही. ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात काका दाराशी आले होते. मी त्यांना आत येऊ दिलं नाही." मी म्हणालो, हेही लिही. तिने लिहिले आहे. यापुढचे अक्षर वेगळे दिसले तरी ते तिचेच आहे.

६. म्हणून गाडी धाकट्या भावाला द्यावी. त्या दोन निळ्या डिस्क मी टाकल्या नाहीत. गोणपाटात गुंडाळून, त्याच फळीवर, त्याच खोक्यात ठेवल्या आहेत. त्याही त्याला द्याव्यात. त्याला बघताच कळेल. माझ्या मरणानंतर मला उचलण्याआधी कलम पाच सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे.

मुलीने विचारले, "मेल्यावर का? काका इथून दोन थांब्यांवर राहतात." उरलेले उद्या लिहू, असे सांगून मी आडवा झालो.

७. हे कलम दुसऱ्या दिवशी वाढवले आहे. मुलगी सकाळीच जाऊन माझ्या भावाला घेऊन आली. वाटेत तिने त्याला काही सांगितले नव्हते. कागद त्याच्या हातात दिले. तो दारापलीकडे, गॅरेजमधल्या लोखंडी टेबलापाशी उभा राहून वाचत होता. लहानपणापासून वाचताना त्याचे ओठ हलतात. कलम पाच त्याने दोनदा वाचले. मग खोके उघडले, डिस्क काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

तो म्हणाला, "बारा वर्षं मी रोज तो घाट उतरतोय, दादा. रोज वाटतं, गिअर थोडा आधी टाकायला हवा होता. आपलंच चुकलं हे मी मान्य करून टाकलं होतं." मी खाटेवरून उठायला गेलो. मला उठता आले नाही, आणि तो मदतीला आला नाही.

मग त्याने वकीलबाईंचा नियम मुलीकडून नीट समजून घेतला. म्हणाला, "गाडी नको. दुसरा साक्षीदार म्हणून सही मी करतो. तू शुद्धीवर होतास आणि माझ्यासमोर सही केलीस, एवढं मला कागदावर पाहिजे. आणि मेल्यावर वाचायचं नाही. या रविवारी वाचायचं, तू समोर बसलेला असताना."

त्याप्रमाणे कलम सहा रद्द करत आहे. गाडी मुलीला नको आहे. ज्या भंगारवाल्याकडून तिचा अर्धा भाग आला त्याच्याकडेच ती जावी. डिस्क भावाने आजच ताब्यात घेतल्या, त्यामुळे त्यांचा या कागदाशी संबंध उरला नाही. रविवारी सर्वांना बोलावले आहे. मी बसेन. भावाने मला माफ केले असे कोणी समजू नये. तो तसे म्हणाला नाही आणि मी विचारले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, आणि खरा आहे. खाली दोघांसमोर सही करतो. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

स्थळ: गॅरेजमागची पुढची खोली
दिवस: महिन्याची एकोणीस तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा

लिहून देणार: मोटार मेस्त्री (सही)

साक्षीदार पहिला: शेजारी. धंदा: टायर दुरुस्ती (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. धंदा: "वॉचमन" असे लिहून साक्षीदाराने स्वतःच्या हाताने खोडले आहे, आणि त्यापुढे लिहिले आहे: ड्रायव्हर. (सही)