यंदा सनद पक्की

१ सप्टेंबर, निश (घरी)
वकिलीच्या सनदेच्या परीक्षेचा निकाल लागला. नापास. म्हणजे तसं नापास नाही, फक्त नागरी कायदा राहिला. त्याचा अभ्यासाशी संबंध नाही. बेलग्रेडला तोंडी परीक्षेच्या खोलीत मागची खिडकी उघडी, समोरचं दारही उघडं. मानेतून वारा आरपार! अशा झोतात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, करारनामे काय आठवणार? बाबा म्हणाले, "जी मुलगी पास झाली, तिलाही वारा लागलाच असेल ना?" तिनं स्कार्फ घातला होता. बाबांना हे पटत नाही.

बाबा शहात्तराव्या वर्षीही कोर्टात उभे राहतात. मला सनद मिळाली की ऑफिस माझ्या हवाली करून गावी मधमाश्या पाळायला जाणार. डॉक्टरांनीही हृदयासाठी तेच सांगितलंय. तेव्हा नोव्हेंबरात पुन्हा बसणार. यंदा पक्कं.

२ सप्टेंबर
टाइमटेबल केलं. चार रंगांत. पहाटे पाचपासून. इतकं सुरेख झालंय की भिंतीवर लावलं. बायको म्हणाली, "रंगकाम जमतंय तुला. त्यात बघ काहीतरी." स्लावित्साला शिस्तीचं कौतुक नाही.

३ सप्टेंबर
पाचला उठलो. साडेपाचला परत झोपलो. थकलेल्या डोक्यात काही शिरत नाही, हे शास्त्र आहे.

१४ सप्टेंबर
हिवाळ्यासाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून चटणी करायचा दिवस. आई आणि स्लावित्सा सोलत होत्या. मी पुस्तक मांडीवर घेऊन चुलीपाशी. वारसाहक्काचं एक पान थोडं जळलं. आई म्हणाली, "पोरा, आत जाऊन वाच की." म्हटलं, घरच्यांना कामात सोडून कसा जाऊ? स्लावित्सा म्हणाली, "सोड रे राजा, खरंच सोड आम्हाला."

६ ऑक्टोबर
नवी खुर्ची आणली. पाठीला आधार नसला की स्मरणशक्ती खचते. खुर्ची उत्तम. दुपारी तिच्यात छान झोप लागली. आता खरा अभ्यास सुरू.

२७ ऑक्टोबर
आमच्या घराण्याच्या संताचा सण. घर पाहुण्यांनी भरलेलं. वितोमिरकाकांनी विचारलं, शेजाऱ्याच्या अक्रोडाची फांदी माझ्या अंगणात आलीय, तर खाली पडलेले अक्रोड कुणाचे? मी मालमत्तेच्या व्याख्येपासून सुरुवात केली. सूप गार झालं. काका म्हणाले, "नेबोयशा, तुझं होईतो अक्रोड सडतील बाबा!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "वितोमिर, उद्या ऑफिसात ये." बरोबरच आहे. घरी फुकट सल्ला द्यायचा नसतो.

५ नोव्हेंबर
बाबा कोर्टाच्या जिन्यावर मध्येच खाली बसले म्हणे. कारकुनानं पाणी दिलं. घरी आल्यावर मला जवळ बोलावून विचारलं, "जमेल ना पोरा? खरं सांग."
म्हटलं, डोळे झाकून जमेल.
बाबा म्हणाले, "डोळे उघडून जमेल का, ते सांग."
वडीलधारी माणसं आजारी पडली की हळवी होतात. तरी लगेच वाचायला बसलो. पुस्तकाची बरीच पानं कडेला अजून कापायचीच राहिलीयत, छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली. हे पुस्तक एवढं मोठं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बेलग्रेड
परीक्षक बाई मायाळू होत्या. म्हणाल्या, "घाई नाही, विचार करून सांगा." प्रश्न सोपा होता, हे मला कळलं. तेवढंच कळलं. त्यांनी पाणी दिलं. मग दुसरा प्रश्न विचारला, आणखी सोपा. पाणी मी सगळं प्यायलो.

१३ नोव्हेंबर, निश
बाबा गाडी घेऊन बसस्टँडवर आले होते. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "गार आहे, कोटाचं बटण लाव." निकाल विचारला नाही. पूल आला. मग म्हणाले, "मंगळवारी कोर्टाची तारीख आहे. नाही म्हणणार होतो, पण घेतली."
"जिना आता एका दमात होत नाही रे. येशील का सोबत? फायली धरायला."
हो म्हटलं.
मंगळवारी सकाळी साडेसातला निघायचंय. टाय लावायचा की नाही, ते विचारायचं राहिलं.