उलट्या पाटीची सुलट हकीकत

प्रिय मेहुणेबुवा यांस सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आणि आपला स्वभाव, दोन्ही आता थोडेफार वाकू लागले असतील, अशी आशा करतो. इकडील मंडळी कुशल आहेत. (मंडळी म्हणजे मी.)

पत्रास कारण की, मी सध्या इंटरनेटवर नावारूपास येत आहे. दुकानदार हल्ली छापील फलक लावतात, त्यामुळे माझे ब्रश वाळून खडखडीत झाले. नातीने दूरच्या नोकरीवरून फोन करून बजावले, “आजोबा, आता तुम्ही स्वतःच ब्रँड व्हा.” मी इयत्ता चौथीपर्यंतच शिकलो असलो तरी ब्रँड म्हणजे काय ते जाणतो. ते रंगाच्या डब्यावर छापलेले असते, आणि माझा डब्यात शिरण्याचा विचार नाही, असे तिला सांगितले. तथापि फोनसमोर पाटी लिहून ती थेट जगाला दाखवण्यास मी एका गोष्टीसाठी राजी झालो. पाटी रंगवणाऱ्यास आपली पाटी जवळून कळत नाही, रस्त्यापलीकडे उभे राहून “शेवटचे अक्षर खाली कलले हो!” असे ओरडणारे कोणीतरी लागते. ते काम आपल्या ताईंचे होते. (त्या ओरडत, आणि सारा रस्ता पाहत असे. मला त्याचा राग येई. आता येत नाही.) ताईंच्या पश्चात पलीकडून सांगणारे कोणी मिळाले तर पाहावे, एवढाच हेतू.

पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. पाटी लिहिताना आमची पाठ जगाकडे असते, त्यामुळे थेट प्रक्षेपणात जगाला माझा सदराच दिसला. मी सुबक अक्षरे पूर्ण करून वळलो, तेव्हा पडद्यावर शून्य माणसे होती. नात म्हणाली, “आजोबा, लोक चेहरा बघायला येतात, पाठ नाही!” तिच्या सांगण्यावरून मी फोन फिरवला आणि मला मीही दिसेन असा ठेवला, तर माझे ‘सुस्वागतम्’ पडद्यावर उलटे! आता काचेच्या दारावर आतल्या बाजूने उलटे लिहून बाहेरच्यांना सुलट दाखवणे, हा आमच्या धंद्यातला अव्वल दर्जाचा हात आहे. फोन ही तर काचच. तेव्हा मी भर प्रक्षेपणात संपूर्ण ‘सुस्वागतम्’ उलटे रेखाटले. माझ्या पडद्यावर ते मोत्यासारखे सुलट उमटले. मी मिशीवरून हात फिरवला.

मेहुणेबुवा, तो फोन उलटे दाखवतो ते केवळ मालकाला. जगाला जसे आहे तसेच दिसते, ही माहिती मला मागाहून मिळाली. एकाने विचारले, “आजोबा, चष्मा पाठीमागून घातलाय का?” दुसरा म्हणाला, “आमच्याही दुकानाला लिहा, गिऱ्हाईक भिंतीच्या आत बसवतो!” माणसांची रीघ लागली. कोणी कोणाला बोलावून आणत होते. मी ओशाळून फोन पालथा घातला, तरी तो बराच वेळ टेबलावर थरथरत राहिला. त्या खोलीत इतकी हालचाल पुष्कळ दिवसांत झाली नव्हती.

नात हर्षभरित. म्हणे, “हाच तुमचा ब्रँड! आता रोज उलटंच लिहा.” मी स्पष्ट नकार दिला. अक्षर हा माझा शब्द आहे. तो टाळ्यांसाठी फिरवणे मजसारख्यास शोभत नाही. दुसऱ्या दिवशी मी ताठ बसून अत्यंत शुद्ध, सुलट पाटी लिहिली. मंडळी आली, “आजोबा सुधारले!” म्हणाली आणि निघून गेली. मी शेवटच्या अक्षराची वेलांटी पुरी करून विचारले, “कलले आहे काय?” उत्तर आले नाही. असो. स्वाभिमान शाबूत आहे, आणि त्यास खोलीत भरपूर जागाही आहे.

आपला,
ताईंचा यजमान

ता. क. वरील करारी मजकूर नातीस वाचून दाखवू नये. रविवारी सायंकाळी मी पुन्हा उलटे लिहिणार आहे. लोक हसतात; पण हसण्यासाठी का होईना, थांबतात.

ता. क. दुसरा. आपण ते आपल्या फोनवर पाहू नये. आपल्यालाही उलटेच दिसेल. सुलट अक्षर केवळ माझ्या शेजारी बसणाऱ्यास दिसते. खुर्ची पुसून ठेवली आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही. बस दारापर्यंत येते.