खालच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते

१९ नोव्हेंबर, रविवार

हातांची नुसती आग होतेय. दोन दिवस सासूबाईंकडे कोबीच्या पानापानाला तिखट चोळत होतो. वर्षाची किमची झाली एकदाची! डिक्की डब्यांनी भरलेली, गाडीभर लसणाचा वास. आणि मागच्या सीटवर अबोला.

कारण पिल्लू. सासूबाईंच्या अंगणातल्या कुत्रीला चार झाली होती. तीन लोकांनी नेली, हे एक उरलंय. पिवळट-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. आम्ही बायका ओळीनं बसून पानं भरत होतो तेवढा सगळा वेळ दाओन त्याला आपल्या जाड कोटाच्या आत घेऊन बसली होती. चेन गळ्यापर्यंत ओढलेली, एका कोटातून दोन डोकी बाहेर. आठ वर्षांची पोर जागची हलली नाही!

सासूबाई म्हणाल्या, "अगं हान्योलची आई, घेऊन जा की त्याला! एवढे डबे नेतेस, हे काय जड होणार आहे?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. म्हटलं, "बघू."

माझं "बघू" म्हणजे "नाही" असतं. सासूबाईंना ते ठाऊक आहे. मुलांना बहुतेक अजून नाही.

परत येताना हान्योलनं वकिली केली. तेराव्या वर्षापासून तो वकिलीशिवाय बोलतच नाही. दाओन खिडकीबाहेर बघत होती. ग्वांगिल गाडी चालवता चालवता म्हणाला, "आई ठरवेल." वा! हो म्हणायचं असलं की बाबा, नाही म्हणायचं असलं की आई.

२० नोव्हेंबर

दिवसभरात पिल्लाचा विषय कोणीच काढला नाही. याचीच जास्त धास्ती वाटते.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आज खोटं बोलले.

दुकानातून आले. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासून घासून माझेच डोळे गेलेले. कुलपाचे आकडे दाबायच्या आधीच दाओननं दार उघडलं. रोजच उघडते. "कसं कळतं गं तुला मी आल्याचं?" तर म्हणे, "कळतं." मला कौतुक वाटतं त्याचं.

बूट काढत होते तेवढ्यात तिनं विचारलं, "आई, पिल्लाचं काय ठरलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, खालच्या आजींना कुत्र्याची फार भीती वाटते."

कुठून आलं हे! खालच्या मजल्यावरच्या आजी मला लिफ्टमध्ये चार-दोनदा भेटल्या असतील. त्यांना कुत्र्याची भीती वाटते की वाघाची, मला काय ठाऊक! पण आमच्या घरात त्यांचं नाव काढलं की वाद मिटतो. हान्योल चालायला लागला तेव्हापासून माझा एकच घोष — "टाचा उचला! खाली आजी राहतात!" घरभर जाड चटया. सणाला त्यांच्या दाराशी सफरचंदांची पेटी, आमचे आवाज सोसल्याबद्दल. त्यांनी आजवर एक शब्द तक्रार केलेली नाही, आणि म्हणूनच जास्त दडपण येतं. दाओन तर घरात चवड्यांवरच चालते. धावते तीही चवड्यांवर. तिला वेगळं चालणं माहीतच नाही.

म्हणून तिला लगेच पटलं. "हो का? मग आजींना त्रास नको," म्हणाली आणि माझी पिशवी आत घेऊन गेली. त्यापेक्षा हातपाय आपटून रडली असती तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

हान्योलला मात्र पटलेलं नाही. म्हणतो, "एवढंच ना? आपण आजींना जाऊन विचारू. मी बोलतो त्यांच्याशी." मी घाईघाईनं म्हटलं, आजींचं मागाहून बघू, आधी तुम्ही दोघं कुत्रं सांभाळायच्या लायकीचे आहात का ते दिसू दे.

झालं — परीक्षा! रोज शाळेआधी उठायचं, पट्टा घेऊन सगळ्या इमारतींना एक फेरी मारायची. बाल्कनीत कागद पसरायचा, रोज बदलायचा.

"कुत्रं नसताना पट्टा?"

"हो."

"आई, लोक हसतील!"

"हसू देत. आणि ठरेपर्यंत नाव ठेवायचं नाही. मनातसुद्धा."

हे शेवटचं दाओनकडे बघून म्हटलं. खाण्याच्या पदार्थाचं नाव दिलं की कुत्रं पुष्कळ जगतं म्हणतात. इथे ज्याच्या त्याच्या घरी एक तरी बटाटा नाहीतर शेंगदाणा शेपूट हलवत असतो. ते खरं असो नसो, नाव दिलं की कुत्रं आपलं झालं. मग त्याला नाही म्हणणं म्हणजे घरातल्याला बाहेर काढणं.

खरं सांगू? या थंडीत दोघं मंगळवारपर्यंत ढेपाळतील, असा माझा अंदाज आहे. मग मला काही बोलावंच लागणार नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

ढेपाळले नाहीत.

गवत पांढरं पडलं होतं. खिडकीतून बघितलं. दाओनच्या हातात उड्या मारायची दोरी, तिचं दुसरं टोक जमिनीवर घासत चाललेलं. हान्योल बराच मागून, टोपी नाकापर्यंत ओढून, या मुलीशी आपला काही संबंध नाही असा. पण चालतोय! झाडापाशी दोघं थांबतात. दोरीला वास घेऊ देतात!

वॉचमनकाकांनी विचारलं म्हणे, "कुत्रं कुठंय?"

दाओन म्हणाली, "अजून यायचंय. सराव चाललाय."

"मग एवढ्या जोरात काय चालतेस? पिल्लू आहे ते, दमेल की!"

हे हान्योलनं जेवताना नक्कल करून सांगितलं. ग्वांगिलला हसता हसता ठसका लागला. मी सूप गरम करायच्या निमित्तानं उठले. पोरं पास व्हावीत म्हणून आया देव पाण्यात घालून बसतात. मी बसलेय नापास व्हावीत म्हणून! लाज वाटते.

३० नोव्हेंबर, गुरुवार

नाव ठेवलेलं आहे. नुरुंजी! भाताच्या भांड्याच्या तळाला जी खरपूस खरवड धरते ना, ती. रंग अगदी तसाच आहे, हे कबूल करायला हवं. दाओन बाल्कनीत कोरा कागद पसरताना कुजबुजत होती, "नुरुंजी, सरक ना जरा." मला बघून जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

ग्वांगिलनं आज विचारलं, "आजी-बिजी सोड. खरं कारण काय आहे?" हा माणूस नको तेव्हा शहाणा होतो.

मी म्हटलं, "दिवसभर घरात असतं कोण? मी येते साडेसातला, तू त्याच्याही नंतर, हान्योल क्लास आटपून नवाला. एवढंसं जनावर, दाराकडे डोळे लावून बसणार. असं ठेवायचं तर आणायचं कशाला? पाप लागेल."

"दाओन असते की दुपारपासून."

"हो, दाओन असते. पण केवढीशी आहे ती! तिच्यावर कशी टाकायची कुत्र्याची जबाबदारी?"

त्याला पटलं. बोलता बोलता मलाही पटलं.

दाओननं सप्टेंबरात तायक्वांदो सोडलं. तिथले सर फार ओरडतात म्हणाली. तेव्हापासून शाळेतून थेट घरी येते. भात गरम करून खाते, गृहपाठ करते, टीव्हीसुद्धा लावत नाही. दुकानातल्या बायका म्हणतात, नशीब काढलंस, पोर नाही गुणाची पुतळी आहे. मी हो म्हणते.

आणि खरं कारण, जे नवऱ्याला सांगता आलं नाही, ते इथे लिहिते. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. आहेत त्यांनाच पुरत नाही मी. त्यात आणखी एक जण माझ्याकडे बघत बसणार, ते मला नको आहे. बस्स.

२ डिसेंबर, शनिवार

सासूबाईंचा फोन. शेजारचा, जिनसेंगच्या औषधी मुळांचा मळेवाला पिल्लू मागतोय. मळ्यातल्या शेडपाशी बांधायला.

"साखळी हातभर असते त्याची. हंगाम सोडला तर तिकडे माणूस फिरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दहा तारखेच्या बाजाराच्या आत सांग काय ते. मला नाही गं दोन-दोन झेपत या वयात."

"हो आई, सांगते."

"गाडीचा आवाज आला की फाटकाशी पळतं. त्याला वाटतं दाओनच आली."

हे सांगायची काय गरज होती! फोन ठेवून वळले तर दाओन मागेच उभी. तिनं दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली, नीट, पट्टा अडकवतात तशी.

५ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. 'नाही' म्हणायचं. शनिवारी सांगेन.

आज पाऊस होता, तरी गेली दोघं. हान्योलनं दोरीच्या टोकावर छत्री धरली होती.

७ डिसेंबर, गुरुवार

फजिती! फजिती कसली, शोभा झाली.

दाओन शाळेतून आल्यावर एकटी खाली गेली. पिशवीत आमच्याच स्वयंपाकघरातली संत्री घालून. आजींना विचारायला! भीती वाटते ते ठाऊक आहे, पण पिल्लू फारच लहान आहे, आधी लांबूनच दाखवलं तर चालेल का?

मी घरी आले तर दार उघडून तिथेच उभी. म्हणाली, "आई, आजींना कुत्र्याची भीती नाही वाटत. त्यांच्याकडे पूर्वी दोन होते. फोटो दाखवले मला."

मी वाकून बूट काढत राहिले.

मग तीच म्हणाली, "तुला कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल."

रागानं नाही, टोमणाही नाही. मला सुटायला वाट करून दिली माझ्या लेकीनं! आणि मी काय केलं? मान डोलावली! "हो, तसंच असेल," म्हणाले. खोट्यावर आणखी एक खोटं.

हान्योल आल्यावर टाळ्या पिटत नाचला. "थाप! आईची थाप! आम्ही मारली की जेवण बंद, आणि आता?" ग्वांगिल हसू दाबत भांडी घासायला गेला. दाओन म्हणाली, "गप रे दादा, आई दमलीय."

झोपायला जाताना म्हणाली, "आजींनी तुला बोलावलंय. मी नसताना ये म्हणाल्या."

म्हणजे चांगलीच खरडपट्टी निघणार. काढू देत. म्हाताऱ्या बाईच्या नावावर खोटं खपवलं, आता तिच्याच दारात उभं राहून माफी मागायची. उद्या दुपारी दुकानातून लवकर निघते.

८ डिसेंबर, शुक्रवार

घरी न जाता आधी आजींकडे गेले. हातात नासपतीची पेटी. "आजी, माझं चुकलं," एवढं म्हणते तोच त्यांनी हातानं थांबवलं.

"ते राहू दे. तुमच्याकडे कुत्रं नाहीये?"

"नाही."

"मला वाटत होतं, आहे. सप्टेंबरापासून ऐकतेय. दुपारी लिफ्ट वर गेली की टपटप टपटप दारापर्यंत धावतं. थांबतं. मग हळूहळू परत जातं. पुन्हा लिफ्ट आली की पुन्हा धावतं. अंधार पडेपर्यंत हेच. पावलं हलकी, टाच टेकत नाही. मी म्हटलं, मुकं जनावर, एकटंच असतं बिचारं, माणसांची वाट बघतंय. त्याची कसली तक्रार करायची?" त्यांनी वर छताकडे बघितलं. "काल तुझी लेक आली, कुत्रं आणू का विचारायला. ती गेल्यावर बसून राहिले गं मी. मग रोज धावतं कोण?"

पेटी कुठे ठेवली आठवत नाही. एकच मजला वर जायचं होतं, जिन्यानं गेले असते. पण मुद्दाम लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. टिंग झालं.

बंद दाराआडून पावलं आली. धावत. चवड्यांवर.