पहिल्या आठवड्यात दवाखाना

आप्पा, भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

मराठी माणसांसाठी मी सुरू करतेय त्या ऑनलाइन कानडी शिकवणीची आठ आठवड्यांची आखणी तुमच्यापासून लपवून कपाटात ठेवली होती. आज काढली तर तिच्यावर तुमच्या पेन्सिलीनं दुरुस्त्या, त्याही कानडी अक्षरांत! सीमाप्रश्नापायी घरात कानडीचा चकार शब्द काढू न देणारे तुम्ही, हे शिकलात कधी?

बाराखडीच्या आधी बाजाराचा धडा घ्यावा, हे पटलं. खरं सातव्या आठवड्यातला दवाखान्याचा धडा पहिल्यात का नेलात, ते लिहिलं नाहीत. लिहू नका. आईच्या शेवटच्या दिवशी ‘दम लागलाय’ म्हणून तुम्ही मराठीत ओरडत होता आणि ती नवी कानडी नर्स न कळून नुसती बघत होती, ते मलाही आठवतंय.

धडा पहिलाच ठेवलाय. संध्याकाळी माइक आणते. त्या धड्याला आवाज तुमचाच हवा.

अबोली