स्क्रीन दुरुस्त करणे, हिला घरी आणणे

३ मार्च, सकाळ
ही काल बहिणीकडे गेली. हवापालट. बॅगा तीन नेल्या, पण हिला सामान लागतंच. लॅपटॉप मात्र टेबलावर ठेवून गेलीये. म्हणजे येणारच. टायपिंगची सगळी कामं त्याच्यावरच तर करते.
सेकंडहँड घेतल्यापासून त्याचा स्क्रीन अर्धा उघडला तरच दिसतो. जास्त उघडला की काळा. दोन वर्षं ही मान वाकवून टाइप करतेय. म्हणायची, अहो, तेवढं बघा ना. मी म्हणायचो, रविवारी बघतो.
या रविवारी नक्की. हिला सरप्राइज.

५ मार्च
पूर्वतयारी. दुरुस्तीचे तीन व्हिडिओ पाहिले. चौथा भाताचा लागला, तोही पाहिला. कुकर कुठे ठेवते कोण जाणे.

८ मार्च, रविवार
सात स्क्रू काढले. एक कपाटाखाली गेला. शोधताना हिची केसांची क्लिप सापडली. पुढे काम झालं नाही. कपाटाखाली फार धूळ आहे, डोळ्यांत जाते.

९ मार्च
फोन केला. मेहुणीने उचलला. ही अंघोळीला गेली होती. परवाही अंघोळीलाच गेली होती. त्यांच्याकडे पाणी चांगलं येत असावं.
मेहुणी म्हणाली, भावोजी, तिला राहू द्या थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, ते विचारलं नाही. उगाच घाई केल्यासारखं दिसतं.

१५ मार्च, रविवार
आधी स्क्रीन अर्धा उघडल्यावर तरी दिसायचा. आता कसाही उघडा, काळाच. निदान दोष पक्का झाला.

१६ मार्च, दुपार
हाफ डे टाकून चौकातल्या रिपेरिंगवाल्याकडे गेलो. बिजागरीपाशी स्क्रीनची वायर सैल झाली होती. त्याने ती दाबून बसवली, वर टेप लावली. दहा मिनिटं. म्हणाला, एवढ्यासाठी इतके दिवस थांबलात? म्हटलं, वेळच मिळत नव्हता.
पूर्ण उघडतो आता! उद्या जाऊन हिला घेऊनच येतो. हिची उशी उन्हात टाकली.

१७ मार्च, संध्याकाळ
लॅपटॉप हिच्यासमोर ठेवला. हिने सवयीने अर्धाच उघडला आणि मान वाकवली. म्हटलं, अगं, पूर्ण उघड. उघडला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो. उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की विशेष काही नव्हतंच, दहा मिनिटांचं काम.
म्हणाली, दहा मिनिटं?
मग मानेवर हात ठेवून रडायला लागली. मेहुणीने आणलेला चहा तसाच राहिला. मी निघताना हिने लॅपटॉप बॅगेत घालून माझ्याच हातात दिला. म्हणाली, मला नोकरी लागलीये, तिथे नवा मिळणार आहे. मी येत नाही. जेवत जा वेळेवर.

१८ मार्च
रागात बोलली असेल.

२२ मार्च, रविवार
रागात नव्हती. किती हळू बोलली होती.
उशी आत आणली. मग तिच्या खुर्चीत बसलो. लॅपटॉप अर्धाच उघडला, तिच्यासारखी मान वाकवली आणि घड्याळ लावलं.
दहा मिनिटंही बसवलं नाही.